सोबत एक माणूस आणावा

काटेसाहेब त्या शिबिरात रक्त द्यायला गेलेच नव्हते. ते गेले होते वजनकाट्याची तक्रार करायला. हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं, कारण पुढे इमारतीत जी चर्चा झाली तिच्यात ही गोष्ट साफ बुडून गेली.

वाचनालयाच्या हॉलमध्ये साठीपुढच्या पुरुषांसाठी मोफत तपासणी ठेवली होती आणि दारातच एक काटा मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याचं वजन चाललं होतं. काट्यावर सरकारी शिक्का नव्हता. चौतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला माणूस बिनशिक्क्याच्या काट्याजवळून नुसता जाऊ शकत नाही. काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. ते बाजाराने ठेवलेलं नाव, आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. बायको होती तोवर निदान 'अहो' तरी ऐकू यायचं. सहा वर्षांपूर्वी ती गेली आणि जाताना 'अहो' घेऊन गेली.

ते तडक टेबलाशी गेले. म्हणाले, "हा काटा कुणी प्रमाणित केलाय?"

टेबलामागच्या प्रयोगशाळेच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "तक्रार नंतर, काका. आधी बाही वर करा."

चौतीस वर्षांत त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. त्या आश्चर्यातच त्यांनी बाही वर केली.

तिसऱ्या दिवशी कागद आला. साखर ठीक, मीठ ठीक, चरबी वयाच्या मानाने कौतुकास्पद. एकच ओळ ठळक छापलेली: पीएसए ७.४, आणि शेजारी, ४ पर्यंत चालतं. हा आकडा प्रोस्टेटचा. त्या नावाची एक ग्रंथी मूत्राशयाखाली असते हे त्यांना ठाऊक होतं, पण सत्तर वर्षांत तिची नि त्यांची बोलाचाल झाली नव्हती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "कॅन्सर असेलच असं नाही. नसेलच असंही नाही. तज्ज्ञाला दाखवा."

दुसरा कोणी असता तर तज्ज्ञाकडे गेला असता. काटेसाहेब दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले. खात्यात ते नव्या निरीक्षकांना शिकवायचे, की काट्याचं एक वाचन म्हणजे अफवा, दोन म्हणजे भांडण आणि तीन म्हणजे पुरावा. एका वाचनावर त्यांनी कधी किराणा दुकानाचा तराजू जप्त केला नव्हता. मग स्वतःला ते कसे जप्त होऊ देतील?

दुसऱ्या प्रयोगशाळेत ते सायकलने गेले. तिथे ८.३ निघाले. तिसरीकडे पायी गेले आणि सुई टोचण्याआधी यंत्राचं प्रमाणपत्र मागितलं. तिथल्या माणसाने मालकांना बोलावलं, मालकांनी दार दाखवलं, आणि शेवटी काटेसाहेबांनी "निषेध नोंदवून" हात पुढे केला. हा अहवाल घरपोच मिळणार होता. मिळाला, पण समोरच्या काकूंच्या घरी, कारण काटेसाहेब तेव्हा बाहेर गेले होते. काकूंनी पाकीट उघडलं नाही. ते मुळात उघडंच होतं आणि आतला कागद आपणहून डोकावत होता, असं त्यांनी नंतर तीन वेगवेगळ्या लोकांना सांगितलं.

संध्याकाळपर्यंत इमारत वैद्यकीय झाली. तळमजल्यावरचे बँकवाले काठी टेकत दुसऱ्या मजल्यावर आले आणि टोमॅटो खायला सांगून गेले. कच्चा नव्हे, शिजवलेला, कारण त्यांच्या साडूने कच्चा खाल्ला आणि काय झालं ते सांगायला नको. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटने भोपळ्याच्या बिया सुचवल्या, हळूच वय विचारलं, आणि उत्तर ऐकून हातातली पुस्तिका परत बॅगेत घातली. काकूंच्या नणंदेचे यजमान कोमट पाण्याच्या टबात बसून बरे झाले होते. त्यांना नेमकं काय झालं होतं हे काकूंना आठवत नव्हतं, पण टब निळा होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी भर जिन्यात, वर-खाली माणसं चालू असताना, काकूंनी विचारलं, "काय हो, लघवीचं कसं आहे आता?" ज्या माणसाला पाहून बाजारातले लोक तराजूची तबकं पुसायला लागायचे, त्याला हा प्रश्न. काटेसाहेबांनी "समाधानकारक" असं उत्तर दिलं आणि भाजी न घेताच वर परतले.

तरी खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत दारावरची बेल जितकी वाजली तितकी वर्षभरात वाजली नव्हती. पाचव्या दिवशी ती वाजली नाही. सहाव्या दिवशी काटेसाहेबांनी उगाचच दार उघडून बेल चालते का पाहिलं. चालत होती.

मग ते तज्ज्ञाकडे गेले. सोबत स्वतः तयार केलेलं विवरणपत्र होतं, तीन प्रतींत, आखलेल्या रकान्यांचं: पहिलं वाचन ७.४, दुसरं ८.३, तिसरं ६.१, सरासरी ७.२७, खाली सही आणि तारीख. तज्ज्ञ डॉक्टर त्यांच्या मुलापेक्षा लहान होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"ही सरासरी कोणी काढली?"

"मी."

"कशासाठी?"

"एका वाचनावर निर्णय घेऊ नये."

"बरोबर आहे. पण तीन ठिकाणची तीन यंत्रं, तीन पद्धती. त्यांची सरासरी नसते काढायची. बटाट्यांची काढतात." डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. "हे ८.३ कसं आलं? त्या दिवशी काही विशेष?"

"सायकलने गेलो होतो."

"त्यानेही आकडा हलू शकतो," डॉक्टर म्हणाले आणि हातमोजा चढवू लागले.

पुढच्या तपासणीविषयी एवढंच सांगता येईल की ती अर्ध्या मिनिटात आटोपली आणि त्यानंतर दोन दिवस काटेसाहेब कोणाच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत. अर्थात, नजर द्यायला घरात कोणी नव्हतंच. मग ते एका बोगद्यासारख्या यंत्रात शिरले, चाळीस मिनिटं ठोकाठोक ऐकली, आणि फोटोत एक डाग निघाला. डाग कसला हे कळायला सुईने बारा नमुने काढायचे होते. या भागावर काटेसाहेबांची काही हरकत नव्हती. पोत्यातल्या मालाची परीक्षा नमुने काढूनच करतात. बारा म्हणजे रास्त.

हरकत होती ती कागदाच्या तळाशी छापलेल्या ओळीला. गुंगीचं इंजेक्शन देण्यात येईल, सोबत एक माणूस आणावा. माणसाशिवाय आलेल्यांना परत पाठवण्यात येईल. तारीख पुढच्या मंगळवारची.

एक माणूस. काटेसाहेबांनी आयुष्यभर टनांत मोजलं होतं, एक म्हणजे काहीच नव्हे. ते बँकवाल्यांकडे गेले. बँकवाल्यांचा मंगळवारी गुडघा असतो. एजंटला मंगळवारी नेमकी मीटिंग होती. काकू म्हणाल्या, "मी आले असते हो, पण बाईमाणूस तिथे काय करणार?" आणि टब न्यायचा असेल तर न्या म्हणाल्या. कोणी वाईट नव्हतं. सल्ला द्यायला फक्त तोंड लागतं, मंगळवार द्यायचा तर तो आधी जवळ असावा लागतो.

बाजारात निदान दोनशे माणसं त्यांना ओळखत होती. पण ज्याचं वजन तपासायचं त्याच्याकडचा चहा प्यायचा नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी चौतीस वर्षं इतका कडक पाळला होता की आता कोणाच्या दुकानात जाऊन "जरा माझ्याबरोबर चला" म्हणायला जीभ उचलत नव्हती. मग त्यांना खात्यातला शिपाई आठवला. तो एकोणीस वर्षं प्रमाण वजनांची पेटी उचलून त्यांच्या मागून चालला होता. पेटी जड असायची, म्हणून दोघं फार बोलत नसत. काटेसाहेबांनी जुन्या वहीतून नंबर शोधला. फोन त्याच्या सुनेने घेतला.

"ते जाऊन दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "आपण कोण?"

"खात्यातून बोलतोय," काटेसाहेब म्हणाले आणि फोन ठेवला. आपल्याला कोणी कळवलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं, आणि दोन वर्षांत आपणही चौकशी केली नाही याचं त्याहून जास्त.

राहिला मुलगा. तो समुद्रापलीकडे राहायचा आणि दर रविवारी न चुकता फोन करायचा. "बाबा, सगळं ठीक ना?" तो विचारायचा. "ठीक," काटेसाहेब सांगायचे. या रविवारीही त्यांनी तेच सांगितलं. मुलाला त्रास नको, असं ते स्वतःला समजावत होते, पण ते अर्धंच खरं होतं. आपण सांगितलं आणि तो "येतो" म्हणालाच नाही तर? हे एक वाचन त्यांना घ्यायचंच नव्हतं.

सोमवारी ते हॉस्पिटलच्या खिडकीपाशी सवलतीचा अर्ज घेऊन हजर झाले. विषय: सोबतच्या माणसाच्या अटीतून सूट मिळण्याबाबत. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अर्ज इथे घेत नाहीत."

"मग कुठे घेतात?"

"कुठेच घेत नाहीत. माणूस आणा, काका. कोणीही चालेल."

"कोणीही म्हणजे नेमकं कोण?" मागून एक जाडजूड आवाज आला. "म्हणजे मला पण तेच विचारायचंय. माझ्या घरी अकरा माणसं आहेत आणि एकालाही आणता येत नाही."

मागे रांगेत एक रुंद खांद्यांचे गृहस्थ उभे होते. एकतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती, आणि एकतीस वर्षं त्यांच्या डोक्यामागे 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी होती. निवृत्त झाल्यापासून ते ती थकबाकी वसूल करत होते. बाकावर बसल्याबसल्या काटेसाहेबांना सगळं कळलं. ड्रायव्हरच्या बायकोचं हृदय नाजूक, म्हणून तिला सांगायचं नाही. मुलांना सांगितलं तर ते सुनांना सांगणार, सुना सासूला. तेव्हा घरी त्यांनी पेन्शनचं काम निघालंय असं सांगून ठेवलं होतं.

"दोन महिने झाले," ड्रायव्हर म्हणाले. "बायको म्हणते, एवढी कसली पेन्शन? आता पोराबाळांनी भरलेलं घर, पण साहेब, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसतो मी. तेवढंच एकट्याला विचार करता येतो."

"माझ्याकडे नळ सोडावा लागत नाही," काटेसाहेब म्हणाले.

ड्रायव्हरची तारीख गुरुवारची होती. दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं, आणि व्यवहार ठरला. मंगळवारी ड्रायव्हर काटेसाहेबांचा माणूस, गुरुवारी काटेसाहेब ड्रायव्हरचा.

मंगळवारी वॉर्डातल्या मोठ्या नर्सबाईंनी यादी चाळली आणि भुवया वर केल्या. "हे सोबतचे गृहस्थ गुरुवारचे पेशंट आहेत."

"आज मंगळवार आहे," ड्रायव्हर म्हणाले.

नर्सबाईंनी नियमाचा कागद काढला, त्यात असं काही लिहिलेलं आढळलं नाही, आणि त्यांनी सुस्कारा टाकून सही केली. काटेसाहेब गुंगीतून बाहेर आले तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या नऊ जणांना ड्रायव्हरच्या तोंडून त्यांची बायको, मुलगा, खातं आणि बिनशिक्क्याचा काटा यांची इत्थंभूत माहिती झालेली होती. एका अनोळखी आजींनी त्यांना "सांभाळा हो, काटेसाहेब" म्हटलं. त्यांना राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याचं खापर त्यांनी गुंगीवर फोडलं.

गुरुवारी त्यांची परीक्षा होती. ड्रायव्हरनी चष्मा, दातांची कवळी आणि बसच्या चित्राचं कीचेन त्यांच्या हवाली केलं नि आत गेले. काटेसाहेबांनी तिन्ही वस्तूंची पोच लिहून दिली होती. नर्सबाई विचारू लागल्या, पेशंटना कशाची अ‍ॅलर्जी, झोप कशी, स्वभाव कसा. खोटं निवेदन करणं काटेसाहेबांच्या रक्तात नव्हतं. "माझी त्यांची ओळख तीन दिवसांची आहे," ते म्हणाले, "तेवढ्यात झोपेविषयी सांगता येणार नाही. गप्प बसण्याची अ‍ॅलर्जी आहे."

दहा दिवसांनी दोघांचे निकाल एकाच दिवशी होते. आधी काटेसाहेबांना बोलावलं. बाराही नमुने स्वच्छ. सूज होती, डागही तिचाच, औषधाने उतरेल. "सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा," डॉक्टर म्हणाले. "एकाच ठिकाणी."

काटेसाहेब बाहेर आले. आनंद झाला होता, नाही असं नाही. पण तो सांगायला फोन काढला तेव्हा लक्षात आलं की दुखणंच कोणाला सांगितलेलं नाही, तर ते गेल्याचं काय सांगणार. आणि सहा महिने इथे यायचं काही कारण उरलं नव्हतं. हा विचार मनात आला याची त्यांना लाज वाटली.

तेवढ्यात ड्रायव्हर आतून बाहेर आले आणि गप्प बसले. एक मिनिट झालं, दोन झाली. काटेसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

"आहे," शेवटी ड्रायव्हर म्हणाले. "मोठ्या यंत्रातून फोटो काढला होता ना, त्यात हाडात पण दिसलंय. दोन ठिकाणी."

काटेसाहेबांनी ड्रायव्हरची फाइल आपल्या हातात घेतली.

औषधं होती. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. या रोगाला पुरुषी हार्मोनवर पोसायची सवय असते, ते इंजेक्शनने बंद करायचं, जोडीला नव्या गोळ्या. शिवाय इथे एका नव्या पद्धतीचा अभ्यास चालू होता. शिरेतून एक औषध सोडतात, ते रोगी पेशींचं दार ओळखून तिथेच जाऊन चिकटतं आणि किरणांचा मारा करतं. हमी कसलीच नाही. ते कोणाला मिळेल हे कॉम्प्युटर ठरवतो, न मिळाल्यास नेहमीचे उपचार चालूच.

"म्हणजे पत्ता बघून माणूस उतरवायचा," ड्रायव्हर म्हणाले. त्यांचा आवाज जरा परतला होता. "कुठेही नाही, बरोबर त्याच्याच स्टॉपवर. मला चालेल. बायकोला आज सांगतो. कुठे सही करू?"

अभ्यासाचं काम पाहणाऱ्या ताईंनी संमतिपत्र पुढे केलं. अडतीस पानं. ड्रायव्हरनी पेन उघडलं.

"थांबा," काटेसाहेब म्हणाले. "वाचल्याशिवाय सही नाही."

ताईंनी आतापर्यंत चाळीसेक पेशंट पाहिले होते. शेवटचं पान उलटणारे पुष्कळ, मधली पानं वाचणारा एकही नव्हता. काटेसाहेबांनी चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. सातव्या पानावर त्यांनी एक बेरीज चुकलेली काढली. सोळाव्या पानावर एक परिच्छेद दोनदा छापला होता. ताई आधी वैतागल्या, मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि चुका टिपून घेऊ लागल्या. ड्रायव्हर बाजूला कौतुकाने पाहत होते.

एकतिसाव्या पानावर काटेसाहेबांचं बोट थांबलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. औषध घेतल्यावर काही दिवस पेशंटच्या अंगातून किरणं बाहेर पडतात. तेवढे दिवस वेगळी खोली, वेगळं बाथरूम. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब. घरात तशी सोय नसल्यास अभ्यासात घेता येणार नाही.

ड्रायव्हरच्या घरी अकरा माणसं, तीन खोल्या, एक बाथरूम. नातवंडं तीन, त्यातलं धाकटं आजोबांच्या पोटावरच झोपायचं. धाकट्या सुनेला पाचवा महिना होता.

"ते पान नसतंत वाचलं, साहेब," ड्रायव्हर हळूच म्हणाले, "तर चाललं नसतं का?"

"नसतं चाललं," ताई म्हणाल्या. "पुढे आम्ही विचारतोच. नातेवाइकांपैकी कोणाचं घर?"

"सगळ्यांची घरं भरलेली आहेत." ड्रायव्हरनी पेनाला टोपण लावलं.

आयुष्यभराच्या चोखपणाने काटेसाहेबांनी हजारो लोकांचं नुकसान केलं होतं आणि ते न्याय्य होतं, पण त्याचं असं वाईट कधी वाटलं नव्हतं. ते उठून उभे राहिले. तपासणीचा अहवाल वाचावा तशा आवाजात, समोरच्या भिंतीकडे पाहत, त्यांनी सुरुवात केली.

"दुसरा मजला. चार खोल्या. दोन बाथरूम, पैकी एक सहा वर्षं वापरात नाही. लहान मूल नाही. गरोदर बाई नाही. बाईच नाही. पाहुणे येत नाहीत. मुलगा फोनवर असतो. बेल चालू आहे, पण वाजत नाही." इथे त्यांनी संमतिपत्र मिटून टेबलावर ठेवलं. "दिवसच्या दिवस त्या घरात कोणी कोणाच्या जवळ येत नाही."

ताईंचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून काटेसाहेबांकडे नीट पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आम्हाला अगदी असंच घर लागतं."

काटेसाहेब खाली बसले. ते घर कोणाला लागेल असं गेल्या सहा वर्षांत त्यांच्या मनातही आलं नव्हतं. शेजारी ड्रायव्हरनी टोपण काढलं होतं, आणि घरात मोठ्याने बोललेलं चालतं का, असं ते विचारत होते.